संकष्टीचा चंद्र आणि चिलीची पोपटी

कुवेतला आल्यावर कितीतरी वर्षं आमच्या ह्यांनी संकष्टी चुकीच्या वेळी सोडली. ह्यात लबाडी काही नव्हती, गणितच तसं मांडलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली. कुवेतचं घड्याळ मुंबईच्या अडीच तास मागे. तेव्हा छापील वेळेतून अडीच तास वजा करायचे आणि पान घ्यायचं, इतकं सोपं. शुऐब्याच्या कारखान्यात वाफेच्या नळ्यांचे दाब सांभाळणारा माणूस, तो वजाबाकीत कुठे मागे राहणार? कॅलेंडर नऊ म्हणालं की हे साडेसहाला मोदक मोडून मोकळे. श्रावणात तर सूर्यसुद्धा पुरता बुडालेला नसे. मी एकदा म्हटलंही, "अहो, बाहेर अजून उजेड आहे." तर म्हणाले, "मुंबईत उगवला म्हणजे उगवला. गणपती काय खैतानला राहतो?"

मीही फार खोलात शिरले नाही. दिवसभर क्लिनिकच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून आलेली बाई मी, स्वयंपाकघर लवकर आवरतंय म्हणून खूशच होते. शिवाय खैतानमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडतात. तिथून चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यांच्या एसीचं पाणी तेवढं दिसतं.

बिंग फोडलं आमच्या लेकीनं. तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. शाळेत चंद्राच्या कला शिकवल्या होत्या, त्या बघायला बाईसाहेब एका संकष्टीला गच्चीवर गेल्या. हे ताटावर बसलेले. ती धापा टाकत खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, देअर इज नो मून."

ह्यांचा हात तोंडापाशी थांबला. त्यांनी तिला समजावलं, की मुंबईत उगवलाय, आपला देव तिकडचा, आपलं कॅलेंडर तिकडचं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. आमच्या पोरीला मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची. म्हणाली, "बट यू लिव्ह हिअर, बाबा."

मग तिनंच सांगितलं की चंद्र म्हणजे काही विमान नव्हे. विमानाची वेळ अशी वजाबाकी करून काढता येते. चंद्र ज्याच्या त्याच्या गावाला आपापल्या सवडीनं उगवतो. हे मोदक ताटात ठेवून उठले आणि आम्ही तिघं गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्यामधून वाट काढून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. ह्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. बऱ्याच वेळानं हवल्लीच्या बाजूनं तो आला, धुळीनं तांबूस झालेला आणि एका अंगाला जरा चेपलेला. ह्यांनी हात जोडले. लेक म्हणाली, "नाऊ यू कॅन ईट."

त्या दिवसापासून संकष्टीचा चंद्र बघण्याचं काम तिच्याकडे आलं. ती गच्चीवर जाऊन बसायची आणि दिसला की जिन्यातून ओरडायची, "आला!" तेवढा एक शब्द मात्र ती नेहमी मराठीत ओरडायची. खालच्या मजल्यावर श्रीवर्धनचे भाई राहतात. कोपऱ्यावर त्यांचा बकाला आहे, म्हणजे आपलं किराणाचं छोटं दुकान. तेही दार उघडून विचारायचे, "आला का गं?" आणि मला म्हणायचे, "वहिनी, आमचा रमजानचा चंद्र दिसला की उपास सुरू, तुमचा दिसला की उपास खलास. पण मान वर दोघांनाही करावी लागते."

बाप घरात बसून वाट बघायचा आणि पोर वर आभाळात बघत बसायची. तिला त्याची चटक लागली. चंद्र उगवायच्या आधी काय दिसतं, नंतर काय दिसतं, मधे ही धूळ का येते. पुढे पुण्याला जाऊन तिनं भौतिकशास्त्र केलं. मोठ्या दुर्बिणींच्या आत जी यंत्रं बसवतात त्यांच्यावर काम करू लागली. आणि मग एक दिवस फोनवर म्हणाली, चिलीमधल्या एका वेधशाळेत दोन वर्षांचं काम मिळतंय. दक्षिण अमेरिकेत. वाळवंटातल्या डोंगरावर.

हे म्हणाले, "वाळवंटात जायला एवढं शिकलीस? वाळवंट मी घरी दिलं असतं."

ती हसली नाही. हिवाळ्यात ती महिनाभर सुट्टीला खैतानला आली तेव्हा तिनं सरळच सांगितलं. सुट्टी संपायच्या आत त्या लोकांना हो किंवा नाही कळवायचं आहे. ती सज्ञान होती, आम्हाला न विचारताही गेली असती. पण म्हणाली, "बाबांनी मनापासून जा म्हटलं तरच जाईन. त्यांचं तोंड पाडून मला विमानात बसायचं नाहीये." आणि बाबा तर नुसतं "बघू," म्हणायचे. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे फ्रिजलासुद्धा माहीत आहे.

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. हा माणूस स्वतः विशीत घर सोडून आला, कारण पोट इथं होतं. आपल्या मागे आई दारात किती वेळ उभी राहिली हे त्यांना चुलतभावानं नंतर कधीतरी सांगितलं होतं. आता दारात उभं राहायची पाळी त्यांची होती. आणि कुवेतहून त्यांच्या गावाला, अलिबागला, निदान चार तासांत विमानानं मुंबईला उतरून जाता येतं. चिलीला जायला एक अख्खा दिवस जातो, आणि वर एक रात्र.

माझी भीती वेगळीच होती. मी लातूरकडची. शाळकरी वयात मी भूकंप बघितलाय. दगडमातीची घरं खाली कशी बसतात ते बघितलंय. चिली हा भूकंपांचा देश आहे, हे मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं आणि मला झोप लागेना. लेकीला बोलून दाखवलं तर तिनं माझा हात धरला आणि इंग्रजी बाजूला ठेवून सलग मराठीत बोलली. "आई, तिथं जमीन हलते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून घरं हलणारी बांधतात. तुमच्याकडं कुणाला माहीतच नव्हतं." हे मला पटलं. भीती गेली नाही, पण तिच्यासोबत राहता येईल एवढी ती लहान झाली.

मग सुरू झाली रात्रीच्या जेवणाची शाळा. भांडी बाजूला सारून ती टेबलावर लॅपटॉप ठेवायची आणि बाबांना चिली दाखवायची. देश म्हणजे अगदी पडवळ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळे ऋतू एका वेळी. वर वाळवंट, मधे द्राक्षांचे मळे, खाली तळी, जंगलं, पाऊस, आणि अगदी टोकाला बर्फाच्या नद्या आणि वारा असा की माणसं तिरकी चालतात. तिनं वरून सुरुवात केली, आणि तिथंच चुकली.

पहिल्या दिवशी अटाकामाचं वाळवंट. तांबडी माती, खडक, झाडाचं पान नाही. हे म्हणाले, "हे तर इथंच आहे."

मग मिठाची मैदानं, आणि त्यात गुलाबी रोहित पक्षी. "हे पण इथं आहेत. हिवाळ्यात सुलेबिखातच्या खाडीत येतात, शुक्रवारी दाखवतो तुला."

मग पहाटे जमिनीतून वाफेचे खांब उठतात तो भाग. लोक म्हणे अंधारात थंडीत कुडकुडत ते बघायला जातात. हे खो खो हसले. "वाफ? वाफ मी रोज बघतो. त्याचा मला पगार मिळतो."

लेक चिडली. "बाबा, यू आर इम्पॉसिबल." मला हसू आवरेना. खरं तर त्यांचंही चुकत नव्हतं. आम्ही कुठे काही बघायला म्हणून गेलोच नाही कधी. मिळाली ती रजा अलिबागला आणि लातूरला, लग्नं, मुंजी, दवाखाने. कुवेतमध्ये फार तर शुक्रवारी संध्याकाळी दस्मानच्या बाजूला समुद्रावर एक चक्कर, शेंगदाणे खात. दुनिया बघायची तर ती घरात बसूनच बघायची, आणि बघितली की आपल्याकडच्या कशासारखी आहे ते ठरवून टाकायचं.

मला मात्र त्यातलं एक चित्र फार आवडलं. त्या वाळवंटात वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, आणि एखाद्या वर्षी चुकून पडलाच तर काही दिवसांत सगळी जमीन जांभळ्या फुलांनी भरून जाते. बी खाली तोवर गप्प पडून असतं. इथंही वसंतात अरफजची पिवळी झुडपं फुलतात, पण असा जांभळा गालिचा नाही. कोरड्या गावात वाढलेल्या बाईला ही गोष्ट कळते. मी तिला ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं.

पुढचे काही दिवस असेच गेले. डोंगरावर रंगीत घरं आणि वर जायला जुन्या तिरप्या लिफ्ट असलेलं वाल्पराइसो बंदर बघून हे म्हणाले, "म्हातारी माणसं काय करत असतील?" बर्फाची टोपी घातल्यासारख्या ज्वालामुखीखाली तळ्याकाठी गाव बघून म्हणाले, "जागा कुणी विकली ह्यांना?" दूर समुद्रात दगडी तोंडांचं बेट आहे, ते बघून पाणी प्यायला उठले. सुट्टी अर्धी सरली होती आणि लेकीचा चेहरा उतरत चालला होता.

अशात संकष्टी आली. दुपारी हे साबुदाण्याची खिचडी खात होते, सोबत बटाट्याची भाजी. लेक समोर येऊन बसली. म्हणाली, बटाटा मूळचा तिकडचा, दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा. मिरची तिकडची. रताळंही तिकडचंच. "बाबा, तुमचा अख्खा उपास तिकडून आलाय."

हे ताटाकडे बघतच राहिले. "मग आपले पूर्वज उपासाला काय खात होते?"

"आय डोन्ट नो. मेबी दे ॲक्चुअली फास्टेड."

मी तोंडाला पदर लावला. ह्यांनी खिचडी संपवली, पण त्या दिवशी चंद्राची वाट बघताना गच्चीवर स्वतः आले आणि तिच्याशेजारी टाकीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता जा म्हणतील. पण चंद्र आला, हात जोडून झाले, आणि हे नुसतं म्हणाले, "चला, भूक लागली."

शेवटचा शुक्रवार उरला होता. थंडीत कुवेती लोक तंबू घेऊन वाळवंटात जातात, त्याला कश्ता म्हणतात. आमचा पण वर्षातून एक कश्ता असतो, त्यात आम्ही पोपटी लावतो. भाईंनी श्रीवर्धनहून येताना भांबुर्ड्याचा पाला बॅगेत घालून आणला होता. अर्धा सुकलेला, पण वास शाबूत. मडक्यात खाली पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला दाबून मडकं वाळूत उपडं घातलं आणि भोवती लाकडं पेटवली. ह्यांचं आणि भाईंचं नेहमीप्रमाणे वाजलं. हे म्हणतात जाळ जास्त झाला, भाई म्हणतात कमी आहे. दोघंही रायगडचे, पोपटीच्या बाबतीत कुणी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

लेक जरा दूर बसून फोनवर काही बघत होती. भाई तिच्यामागे गेले आणि एकदम ओरडले, "अरे दादा, इकडे ये! ही बघ आपली पोपटी!"

चिलीच्या दक्षिणेला चिलोए नावाचं बेट आहे. तिथली माणसं जमिनीत खड्डा खणतात, त्यात तापवलेले दगड घालतात, त्यावर शिंपले, मांस, बटाटे रचतात आणि वरून छत्रीएवढी मोठी पानं झाकून वर माती दाबतात. वाफ आतल्या आत. हे उठून आले. हात राखेनं भरलेले, म्हणून लेकीनं फोन धरला आणि हे वाकून बघत राहिले. पाऊस पडत होता, मागे खाडीच्या पाण्यात लाकडी खांबांवर उभी घरं होती, होड्या ओढून ठेवलेल्या, आणि बायकापुरुष वाफेभोवती उभे राहून वाद घालत होते. भाषा स्पॅनिश होती, पण काय चाललंय हे कुणालाही कळलं असतं. एक म्हणत होता झाली, दुसरा म्हणत होता थांब.

मी वाट बघत होते की आता हे म्हणतील, हे तर इथं आहे. ते म्हणाले नाहीत. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "हा पाला कसला?"

"माहीत नाही."

"त्याला वास असतो का? नुसता झाकायला घालतात की चवीला?"

"बाबा, मला काय माहीत?"

"दगड किती तापवतात? पाणी शिंपडून बघतात का?"

"बाबा!"

हे सरळ उभे राहिले. पँटला हात पुसले. मडक्याकडे बघत म्हणाले, "माहीत नाही, माहीत नाही. असं फोनवर बघून कसं कळेल? तिथं गेलीस की बघ आणि मला सांग."

लेक माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. भाईंना वाटलं आमच्या डोळ्यांत धूर गेला. मला इतकं भरून आलं की मी उगाचच शेंगा निवडायला घेतल्या, ज्या आधीच निवडून मडक्यात गेल्या होत्या. लेकीनं जाऊन बापाच्या राखेच्या हातासकट त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "अगं, कपडे," आणि भाई म्हणाले, "जाळ बघा कुणीतरी." भाईंनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, चर्र झालं. पोपटी तयार होती. त्या वर्षीची जरा करपली, पण शेवटच्या शेंगेपर्यंत संपली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. विमानतळावर हे रडले, चोरून नाही, चांगले रडले. मला बरं वाटलं. माझं मी घरी येऊन रडले.

आता ती त्या डोंगरावर असते. फोनवर आभाळ दाखवते, पण फोनमध्ये ते नुसतं काळं दिसतं. दर वेळी हे पाल्याचं विचारतात. ते बेट तिच्यापासून पुण्याहून दिल्लीपेक्षाही लांब आहे, हे त्यांना पटत नाही. एकाच देशात आहे ना, म्हणतात. रजा जुळली की आम्ही जाणार आहोत. त्यांना सरळ बेटावर जायचंय, मला फुलं फुललेलं वाळवंट बघायचंय, आणि दोन्ही एका वेळी जमणार नाही म्हणून आत्तापासून भांडण सुरू आहे. काहीतरी बघायला जाण्यावरून झालेलं आमच्या दोघांच्या आयुष्यातलं हे पहिलंच भांडण. मला ते आवडतं.

पण सांगायचं होतं ते ती गेल्यानंतरच्या पहिल्या संकष्टीचं. हे कामावरून आले, अंघोळ केली, देवापुढे बसले. मी मोदक केले. खैतानचा चंद्रोदय आता फोनवर मिनिटासकट कळतो, पण ह्यांनी फोन उघडला नाही. दार उघडं ठेवून जिन्याकडे बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी जाते वर, असं म्हणणार एवढ्यात जिन्यातून जाड आवाज आला.

"आला!"

भाई होते. दुकान पोराकडे सोपवून गच्चीवर जाऊन बसले होते. खाली येऊन म्हणाले, "दादा, मी बघितला, जरा धूळ आहे पण आहे." ह्यांनी वर जाऊन दर्शन घेतलं, आणि ते परत येऊन ताटावर बसतात तोच फोन वाजला. लेक होती. तिच्याकडे भरदुपार, मागे खिडकीतून ऊन आलेलं.

"बाबा, आला?"

"आला. भाई बघून आले, मीही बघितला."

"मग मी आता जेवू?"

ह्यांना कळेना. मग कळलं. "तू उपास केलास?"

"हो. सकाळपासून."

जन्मात तिनं उपास केला नव्हता. हे गडबडले. मोदक ताटात ठेवून समजावू लागले, "अगं, पण तुझ्याकडे अजून दुपार आहे. तुझा चंद्र रात्री यायचा. तू तिथं राहतेस ना आता…"

"घरी उगवला म्हणजे उगवला, बाबा," ती म्हणाली.

ह्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग म्हणाले, "जेव. काय केलंस?"

"बटाटे. जांभळे आहेत, बघा."

त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मोदक मोडला, वर तूप घेतलं, आणि हातात धरून थांबले. तिनं पहिला घास तोंडात घातलेला दिसला, तेव्हा त्यांनी त्यांचा घातला.